पार्श्वभूमी : पश्चिमी झंझावात नकाशावर, बर्फ डोंगरात

जानेवारी 2024 चा बहुतेक काळ गुलमर्गचे उतार उघडे होते. 21 डिसेंबरला सुरू होणारे चिल्लई कलानचे चाळीस दिवस म्हणजे काश्मीरमधला बर्फाचा खरा हंगाम. त्यातला मोठा भाग कोरडाच गेला. तरीही रोजच्या हवामान पत्रकांत पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिवाळ्यात उत्तरेला पाऊस आणि बर्फ देणाऱ्या हवेच्या प्रणाली, येत होते, पुढे सरकत होते, विरत होते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे समजायला ‘झंझावात’ या शब्दाखाली नेमके काय मोजले जाते ते पाहावे लागते.

हिवाळ्यात अशा प्रणाली महिन्याला साधारण चार ते सहा येतात आणि दिवसाला सुमारे 8 ते 10 रेखांश पूर्वेकडे सरकतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली प्रणाली इराण आणि अफगाणिस्तानच्या डोंगरांवरून येते, तेव्हा तिचा खालचा भाग मोडून पडतो. युरोपच्या नकाशावर ठळक दिसणारी उष्ण आणि शीत आघाडी, म्हणजे उष्ण आणि थंड हवेमधली सीमा, इथे जमिनीलगत सापडत नाही. उरते ती वरच्या हवेतली लाट. म्हणून पत्रकातले वाक्य असे असते : उत्तर पाकिस्तानवर समुद्रसपाटीपासून 3.1 किलोमीटर उंचीवर चक्राकार वारे, आणि 5.8 किलोमीटरवर, 70 अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, 30 अंश उत्तरेच्या वर द्रोणीय रेषा.

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा गुंता तिथेच आहे. चक्राकार वारे ही बंद फिरकी असते. द्रोणीय रेषा म्हणजे पश्चिमी वाऱ्यांत पडलेला दक्षिणेकडचा नुसता बाक. प्रचलित व्याख्येत या दोहोंपैकी काहीही, किंवा जमिनीवरचा कमी दाबाचा पट्टा, चालतो. अट इतकीच की ती प्रणाली मध्य अक्षांशांच्या पश्चिमी वाऱ्यांत असावी आणि भूमध्य, काळा किंवा कॅस्पियन समुद्राकडून आलेली असावी. ही व्याख्या सैल राहिली. 1940 आणि 1950 च्या दशकांत वाद होता तो हा : ही आघाड्यांसह येणारी समशीतोष्ण आवर्ते आहेत, की वरच्या हवेतल्या लाटा? निकाल लागण्याइतकी निरीक्षणे नव्हती, म्हणून ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’ या इंग्रजी नावातला ‘डिस्टर्बन्स’ हा कोणालाच न बांधणारा शब्द टिकला.

मराठीत आल्यावर तो आणखी विस्कटला. कुठे ‘पश्चिमी चक्रावात’, कुठे ‘झंझावात’, कुठे ‘प्रकोप’, आणि हिंदीतून आलेला ‘विक्षोभ’. ‘चक्रावात’मध्ये फिरकी आहे, पण नुसत्या द्रोणीय रेषेला तो लागू पडत नाही. ‘झंझावात’ ऐकून सोसाट्याचा वारा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात खोऱ्यात अनेकदा वारा पडलेला असतो, ढग दाटतात आणि रात्रीचे किमान तापमान उलट वाढते. ‘प्रकोप’ सर्वांत चुकीचा. उत्तरेतला रब्बीचा गहू, काश्मीरची सफरचंदे आणि उन्हाळ्यातले नद्यांचे पाणी ज्यावर अवलंबून आहे, त्याला कोप म्हणणे अन्यायाचे आहे. अर्थाने ‘विक्षोभ’ मूळ शब्दाच्या सर्वांत जवळ जातो. ‘झंझावात’ रुळला आहे, म्हणून इथे तोच ठेवला आहे.

हा वाद शब्दकोशापुरता राहत नाही, तो आकड्यांत शिरतो. संगणकाकडून जुन्या नोंदींतले झंझावात मोजायचे, तर आधी उंची ठरवावी लागते : 500 हेक्टापास्कल दाबाचा थर (सुमारे साडेपाच ते सहा किलोमीटरवर), की त्याहून वरचा? मग फिरकीचा किमान जोर, किती तास टिकली तर धरायची आणि कोणत्या चौकटीतून गेली तर आपली म्हणायची, हेही ठरवावे लागते. 24 तासांची अट 48 केली की छोट्या लाटा गळतात. उंची बदलली की एकच लाट दोन तुकड्यांत मोजली जाते. म्हणूनच काही अभ्यासांत गेल्या काही दशकांत झंझावात घटलेले दिसतात, तर काहींत वाढलेले. बातमीत फक्त टक्केवारी येते, अट येत नाही. व्याख्या सांगितल्याशिवाय दिलेल्या अशा आकड्यावर विश्वास ठेवू नये, हे इथे स्पष्ट सांगायला हवे.

मागोवा वरच्या हवेतच का घ्यावा लागतो, याचे कारण डोंगर. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर आहे, लेह 3,500 च्या आसपास. तिथला हवेचा दाब नकाशावर मांडण्यासाठी समुद्रसपाटीला आणायचा, तर खाली नसलेल्या हवेचा स्तंभ कल्पून त्याचे तापमान गृहीत धरावे लागते. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते. ते तापमान धरले तर स्तंभ अकारण जड होतो आणि नकाशावर खोटा उच्च दाब उमटतो. पूर्वी वर सोडलेल्या फुग्यांचा दुर्बिणीतून पाठलाग करून वारा मोजत. झंझावात जवळ आला की नेमका तेव्हाच फुगा ढगात हरवे. फुग्यासोबत जाऊन रेडिओने मोजमापे पाठवणाऱ्या रेडिओसाँडने ही अडचण दूर केली. आजही पहाटे आणि संध्याकाळी 5:30 च्या फुग्यांचे आकडेच नकाशाचा कणा आहेत. पण दोन फुग्यांत बारा तासांचे अंतर, आणि तेवढ्यात लाट चार-पाच रेखांश सरकलेली असते.

ही पोकळी उपग्रहांनी भरली. पाण्याच्या वाफेच्या प्रतिमेत, सुमारे 7 मायक्रोमीटर तरंगलांबीवर, द्रोणीय रेषेमागची कोरडी हवा काळ्या जिभेसारखी दिसते, आणि तिच्या पुढच्या कडेवरून लाटेची जागा ठरवतात. साध्या दृश्य प्रतिमेत मात्र ढगही पांढरा आणि जमिनीवरचा बर्फही पांढरा. त्यासाठी 1.6 मायक्रोमीटरची प्रतिमा लागते. तिथे बर्फ काळा पडतो आणि पाण्याच्या थेंबांचा ढग उजळ राहतो. उंचावरचे हिमकणांचे ढग इथेही फसवतात.

रडार डोंगरात उशिरा आले. कुफरी आणि मुक्तेश्वर 2021 मध्ये, लेह 2022 मध्ये, बनिहाल टॉप, सुरकंडा देवी, जोत आणि मुरारी देवी 2023 मध्ये. रडार शिखरावर ठेवले तर झोत अडत नाही, पण खोऱ्यातला बर्फ झोताखालून निसटतो. अर्ध्या अंशाने उचललेला झोत 100 किलोमीटरवर रडारपेक्षा जवळजवळ दीड किलोमीटर वर असतो. खोऱ्यात ठेवले तर समोरचा कडा आडवा येतो. शिवाय तेवढ्याच पाण्याच्या थेंबांच्या तुलनेत बर्फ साधारण पाचवा हिस्साच प्रतिध्वनी देतो, त्यामुळे हिमवृष्टी पडद्यावर फिकी दिसते. उलट बर्फ वितळू लागतो त्या थरात कण ओले होऊन चमकतात आणि तिथे मुसळधार पाऊस असल्याचा भास होतो. हा चमकता पट्टा ओळखता आला, तर पाऊस आणि बर्फाची सीमा किती उंचीवर आहे हेही त्यातूनच कळते.

बर्फ किती पडेल हे लाटेच्या केंद्रावरून कळत नाही. पाहायचा तो 3 किलोमीटरच्या आसपासचा वारा. तो नैऋत्येकडून येऊन काश्मीर खोऱ्याच्या दक्षिणेच्या पीर पंजाल रांगेला आडवा भिडला आणि द्रोणीय रेषा इतकी दक्षिणेला उतरली की अरबी समुद्राची वाफ ओढली गेली, तर दक्षिण उतारांवर फुटांनी बर्फ साचतो. राजस्थानवर प्रेरित, म्हणजे वरच्या लाटेमुळेच खालच्या थरात उठणारे, चक्राकार वारे तयार झाले की हा पुरवठा आणखी वाढतो. लाट 35 अंशांच्या उत्तरेने निघून गेली, तर नकाशावर झंझावात असतो आणि खाली फक्त ढग. लेहला वर्षभरात सुमारे 100 मिलिमीटरच पाणी मिळते, कारण वाफ वाटेतल्या रांगांवरच रिकामी होते. फेब्रुवारी 2005 मध्ये हीच जुळणी लांबली आणि दक्षिण काश्मीरमध्ये हिमस्खलनाने वाल्टेंगू नाड गाव गाडले.

जमिनीवरचे मोजमाप साधे वाटते, पण चुका तिथेच सर्वांत जास्त होतात. पांढरा रंग दिलेली सुमारे 40 सेंटिमीटर चौरस फळी आडोशाच्या, पण झाडाखाली नसलेल्या जागी ठेवतात, ताज्या बर्फाची उंची मोजतात आणि फळी झाडून पुन्हा वर ठेवतात. सहा तासांत एकापेक्षा जास्त वेळा झाडू नये. बर्फ आपल्याच वजनाने दबत असतो. दर तासाला मोजून बेरीज केली, तर तीच वृष्टी कितीतरी जास्त भरते. न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यू इथली जानेवारी 1997 ची 24 तासांतली 77 इंचांची नोंद याच कारणाने विक्रम म्हणून नाकारली गेली, आणि तो निर्णय योग्यच होता.

सेंटिमीटरवरून पाणी काढताना दहास एक (दहा सेंटिमीटर बर्फ म्हणजे एक सेंटिमीटर पाणी) हे प्रमाण डोळे झाकून लावतात. पीर पंजालच्या ओल्या बर्फात ते सहा-सातास एक असू शकते, लडाखच्या कोरड्या भुकटीत पंधरा-वीसास एक. म्हणून गोळा झालेला बर्फ वजन करावा, किंवा मोजलेले कोमट पाणी ओतून वितळवावा आणि ओतलेले पाणी वजा करावे. उघड्यावरचे पर्जन्यमापक तर जोराच्या वाऱ्यात निम्म्याहून अधिक बर्फ गमावते, कारण हलके कण तोंडावरून वाहून जातात.

मागचा इतिहास थोडक्यात. 1875 मध्ये देशव्यापी हवामान खाते सुरू झाले, 1877 च्या दुष्काळानंतर हिमालयातला हिवाळी बर्फ आणि पुढचा मॉन्सून यांचा संबंध शोधला गेला, आणि 1886 पासून त्यावर आधारित अंदाज निघू लागले. त्यासाठी पर्वतातून येणारे अहवाल बहुधा ‘यंदा बर्फ जास्त’ अशा शब्दांतले होते. पुढे तो संबंध सैल पडला. 1969 मध्ये मनालीत हिमस्खलनांचा अभ्यास सुरू झाल्यावर धुंडी आणि पत्सिओसारख्या उंच ठिकाणी फळी आणि खुणांची काठी पोहोचली. आजही 24 तासांचा हिशेब सकाळी 8:30 ला बंद होतो. मध्यरात्रीनंतर पडलेला आणि आदल्या संध्याकाळी पडलेला बर्फ एकाच तारखेखाली येतो. झंझावाताचा मार्ग आणि बर्फाचे आकडे शेजारी ठेवून ताडताना आधी या तारखा जुळवून घ्याव्या लागतात.