सात आठे किती? पाढ्यांच्या पाठांतरामागचा इतिहास

"सात आठे किती?" असं अचानक विचारलं की कितीतरी मुलांचे ओठ हलू लागतात. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस... आणि आठव्या पायरीवर पोचल्यावर छप्पन्न हे उत्तर येतं. पाढा पाठ असतो, पण माळेसारखा. मधला एकच मणी उचलता येत नाही. मुलांच्या पाढ्यांसाठी फ्लॅशकार्डं (एका बाजूला प्रश्न, पाठीमागे उत्तर असलेली पुठ्ठ्याची कार्डं) वापरावीत का, हा प्रश्न पालक विचारतात तो बहुधा इथे अडल्यावर.

माळ मुळात गुंफली गेली ती कानासाठी. पंतोजींच्या शाळेत कागद दुर्मीळ होता. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने आकडा काढायचा, मोठ्याने म्हणायचा, पुसायचा. (वाळूवर लिहिण्याची ही रीत मद्रासेत स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल यांनी पाहिली, आपल्या शाळेत उचलली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्या प्रयोगावर पुस्तक छापलं.) संध्याकाळी दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा: एक मुलगा सांगणार, बाकीचे सुरात म्हणणार. तिसापर्यंतचे पाढे असे अंगात मुरत. १८२१ साली मुंबई सरकारच्या कौन्सिलातले सभासद प्रेंडरगास्ट यांनी नोंदवून ठेवलं आहे की इथला साधा शेतकरी किंवा छोटा दुकानदारही आपला हिशेब स्वतः चोख ठेवतो. त्या चोखपणामागे परवच्याचा मोठा वाटा असणार, असं मला वाटतं.

पाढ्यांची भाषा ऐकली तरी त्यांचं वय कळतं. आपण व्यवहारात 'दोन' म्हणतो, पाढ्यात मात्र 'बे'. हा प्राकृतातला 'बे'. गुजरातीत तो आजही दोनच आहे आणि मराठीत बेचाळीसमध्ये लपून बसला आहे. 'दुणे' द्विगुणातून आलं, 'त्रिक' संस्कृतातून जवळपास जसंच्या तसं राहिलं, 'चोक' म्हणजे चतुष्क, 'सक' म्हणजे षट्क. प्रत्येक शब्द एक-दोन अक्षरांपर्यंत झिजला आहे, कारण शेकडो वर्षं मुलांनी तो भरभर म्हटला. बे चोक आठ, बे पंचे दहा, बे सक बारा: हा ठेकाच स्मरणाचं साधन होता.

पूर्णांकांच्या पाढ्यांवर गाडी थांबत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. 'औट हात देह' म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे बाजाराची हत्यारं होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक. शेराला अडीच आणे भाव असेल तर अठरा शेरांचे किती? अडीचकी येणारा माणूस पंचेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये तेरा आणे, असं माल तोलता तोलता सांगायचा. कागदाची गरजच नसे.

मग १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. औटकी-पाऊणकीच्या पायाखालची जमीन तिथेच सरकली. जुन्या अंकलिप्यांत हे पाढे पुढेही छापले जात राहिले, पण बाजारात ज्याची गरज उरली नाही ते घरात किती दिवस टिकणार? मला या हानीचं खरंच वाईट वाटतं. अर्धा, पाव, पाऊण म्हणजे काय हे त्या मुलांना भाषेतूनच कळत होतं, आणि आज अपूर्णांकांशी आपली मुलं पाचवी-सहावीत झगडतात.

मधला मणी उचलण्याची अडचण जुन्या शिक्षकांनाही ठाऊक होती. म्हणून उलटे पाढे म्हणवून घेत, आणि क्रम मोडून मध्येच कुठलाही आकडा विचारत. फक्त ते विचारायला समोर माणूस लागायचा, आणि चुकलं की बहुधा छडीही यायची.

क्रम मोडायचं काम पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे सोपवण्याची कल्पना युरोपातली. इंग्लंडमध्ये फेव्हेल ली मॉर्टिमर या बाईंनी १८३४ साली वाचन शिकवणारी कार्डं काढली. फ्लॅशकार्डांचं सुरुवातीचं उदाहरण म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. कार्ड गणिताकडे वळलं त्याला बळ मिळालं ते मानसशास्त्रातून. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस यांनी जर्मनीत स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेली अर्थहीन अक्षरं माणूस सुरुवातीला झपाट्याने विसरतो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२२ साली अंकगणिताच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. प्रश्न आणि उत्तर यांची गाठ सरावाने पक्की होते, हा त्यांचा सिद्धांत.

माझ्या मते खरी उपयोगाची भर घातली ती सेबास्टियन लाइटनर यांनी, १९७२ साली. त्यांनी कार्डांसाठी पाच कप्प्यांची पेटी सुचवली. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा वारंवार काढायचा, शेवटचा क्वचित. सहा साते बेचाळीस चुकत असेल तर तेच कार्ड रोज समोर येतं, आणि बे दुणे चार उगीच पुन्हा पुन्हा घोकावं लागत नाही. परवच्यात ही सोय नव्हती. तिथे येणारं आणि न येणारं सारख्याच वेळा म्हटलं जाई.

नुसतं वाचत राहण्यापेक्षा आठवायचा प्रयत्न केला की स्मरण जास्त टिकतं, हे २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून ठळकपणे दिसलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा स्वतःची परीक्षा घेतलेले पुढे गेले. प्रयोग उताऱ्यांवर होते, पाढ्यांवर नव्हे, पण कार्ड उलटण्याआधी मुलाला विचार करायला दोन क्षण द्यावेत, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

परवचा आणि कार्डं या दोन वाटांपैकी एकच निवडावी लागते असंही नाही. जपानमध्ये दुसरीच्या वर्गात 'कुकु', म्हणजे पाढे, शिकवतात. तिथले पाढे आपल्यासारखेच ठेक्यात म्हणायचे असतात. मुलं ते आधी चढत्या क्रमाने म्हणतात, मग उतरत्या, मग क्रम मोडून, आणि या शेवटच्या टप्प्यासाठी हातात कार्डं असतात.

घरी कार्डं करायला बसलं की कळतं, काम वाटतं तेवढं मोठं नाही. दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार दिसतात, पण तीन चोक आणि चार त्रिक एकच धरले की उरतात पंचावन्न. ('पहिले पाढे पंचावन्न' या म्हणीशी जुळणारा हा आकडा निव्वळ योगायोगाचा, पण मला तो आवडतो.) एक आणि दहाचे काढले की छत्तीस. दोन आणि पाचचेही सोडले तर फक्त एकवीस कार्डं. पण तीन चोक आणि चार त्रिक यांचं कार्ड एकच का, हे मुलाला आधी चिंचोक्यांच्या ओळी मांडून दाखवायला हवं. तीन ओळींत चार-चार चिंचोके मांडून दुसऱ्या बाजूने पाहिलं की चार ओळींत तीन-तीन दिसतात. कार्ड हे समजावत नाही, समजलेलं फक्त पक्कं करतं.

कार्डावर काय लिहायचं हाही प्रश्न आहेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की मराठी संख्यानामं लहान मुलांना अवघड जातात. त्र्याहत्तर, एकोणसाठ, अठ्ठेचाळीस म्हणताना अडखळणारं मूल ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यात तथ्य दिसेल. ज्यांच्या कानात बे एके बे घुमतं त्यांना हा बदल सोसणं कठीण, हेही समजण्यासारखं आहे. कार्डाच्या एका बाजूला ७×८ आणि पाठीमागे ५६ एवढंच असलं तर ते इंग्रजी माध्यमातल्या नातीला आपल्या शाळेच्या भाषेत वाचता येतं, आणि समोर बसलेल्या आजीला 'सात आठे छप्पन्न' असं सुरात म्हणता येतं.