व्यावसायिक उत्पन्न विवरणपत्रात कसे दाखवावे: स्वतंत्र काम करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयाकडून विवरणपत्र भरून घेणाऱ्या ग्राहकांपैकी अनेकजण वकील, वास्तुविशारद, डॉक्टर, सॉफ्टवेअर सल्लागार किंवा अनुवादक म्हणून स्वतंत्रपणे काम करतात. पगारदाराला फॉर्म १६ मिळतो आणि त्यात वर्षाचा हिशेब तयार असतो; स्वतंत्र काम करणाऱ्याला आपले उत्पन्न स्वतः मोजावे लागते, आणि चूक बहुधा या मोजणीच्या पहिल्याच पायरीवर होते. हे पत्रक आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजेच आकारणी वर्ष २०२६-२७, यासाठी आहे. नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असला तरी या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच अधिनियम लागू असल्याने खालील कलमे त्यातील आहेत.

जमा म्हणजे पूर्ण फी

व्यावसायिक फीवर कलम १९४जे खाली साधारणतः १० टक्के करकपात होते. समजा, आपण एका कंपनीला वर्षभरात प्रत्येकी ८०,००० रुपयांची दहा बिले दिली. बँकेत प्रत्येक वेळी ७२,००० रुपये आले, आणि खातेउतारा पाहून आपण वर्षाची जमा ७,२०,००० रुपये सांगितली. प्रत्यक्षात ती ८,००,००० रुपये आहे. कापलेले ८०,००० रुपये हा आपल्याच फीचा भाग आहे. तो आपल्या नावाने सरकारजमा झाला आहे एवढेच. कापलेल्या कराचे श्रेय घ्यायचे आणि ती रक्कम उत्पन्नात मात्र धरायची नाही, असे विवरणपत्र फॉर्म २६एएसशी, म्हणजे आपल्या नावाने कापलेल्या कराच्या विभागाकडील नोंदीशी, जुळत नाही, आणि विभागाकडून विचारणा होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. याउलट, बिलात वेगळा दाखवून वसूल केलेला आणि सरकारला भरलेला जीएसटी आपले उत्पन्न नसल्यामुळे तो या जमेत धरू नये.

करकपात न झालेली फीसुद्धा उत्पन्नच असते. एका कंपनीकडून वर्षात ५०,००० रुपयांपर्यंत फी मिळाली तर कपात बंधनकारक नाही, आणि ज्यांना कपात करण्याचे बंधनच नाही अशा व्यक्तींकडून आलेली फी तर २६एएसमध्ये दिसतच नाही. म्हणून २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, ही पडताळणीची साधने समजावीत आणि मूळ हिशेब आपल्या बिलांवरून करावा. एआयएसमध्ये एखादी नोंद चुकीची किंवा दोनदा आली असेल, तर पोर्टलवर त्या नोंदीबाबत अभिप्राय नोंदवता येतो; चुकीचा आकडा तसाच स्वीकारण्याची गरज नाही.

मार्चच्या बिलांकडे विशेष लक्ष द्यावे. कंपनी मार्चमध्ये आपले बिल जमा दाखवून कर कापते आणि पैसे मात्र मे महिन्यात देते. आपण रोख पद्धतीने, म्हणजे पैसे हाती आल्यावरच उत्पन्न धरून, हिशेब ठेवत असाल, तर ते उत्पन्न पुढील वर्षाचे ठरते, आणि त्यावरील करकपातीचे श्रेयही पुढील वर्षातच मिळते. अशा वेळी कर आधीच्या वर्षाच्या २६एएसमध्ये दिसतो. विवरणपत्राच्या करकपातीच्या तक्त्यात ती रक्कम पुढे नेण्याची सोय आहे, पण ती वापरली नाही तर श्रेय अडकून पडते. रोख पद्धत एका वर्षी आणि व्यापारी पद्धत (फी देय झाली की उत्पन्न धरण्याची) दुसऱ्या वर्षी, असे सोयीनुसार बदलू नये.

कलम ४४एडीए: निम्मे उत्पन्न, पण कोणासाठी?

वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि माहिती तंत्रज्ञान यांसारख्या ठरावीक व्यवसायांतील निवासी व्यक्तींना एकूण जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. जमेची मर्यादा ५० लाख रुपये आहे; रोखीने मिळालेली रक्कम एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ती ७५ लाख होते. हिशेबाची पुस्तके ठेवावी लागत नाहीत, मात्र घसाऱ्यासह कोणताही व्यवसायखर्च त्यातून पुन्हा वजा करता येत नाही. "निम्मे दाखवले की झाले" हा समज आम्हाला काळजीचा वाटतो, कारण ५० टक्के ही किमान पातळी आहे. प्रत्यक्ष खर्च १५ टक्केच असेल तर जास्तीचे उत्पन्न दाखवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, असे आमचे मत आहे. ५० टक्क्यांहून कमी दाखवायचे असेल आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर पुस्तके ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते.

अनुवादक आणि खासगी शिकवणी घेणारे या यादीत नाहीत. त्यांनी स्वतःहून ४४एडीए निवडू नये. त्यांचे प्रकरण आम्ही वेगळे तपासतो. नोकरी सांभाळून नियमितपणे केलेल्या सल्ल्याच्या कामाची फीदेखील "इतर स्रोत" या सदरात टाकू नये, ती व्यवसायाच्याच सदरात येते. त्यामुळे आयटीआर-१ हा पगारदारांचा साधा विवरणपत्र-नमुना चालत नाही. आयटीआर-४ किंवा आयटीआर-३ लागतो.

करकपात वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त उरत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. ४४एडीए निवडणाऱ्यांनी तो पूर्णपणे १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, तर इतरांना १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असे चार हप्ते आहेत. उशीर झाल्यास दरमहा १ टक्का व्याज लागते.

विवरणपत्रासाठी येताना आपण दिलेल्या सर्व बिलांची यादी, सर्व बँक खात्यांचे वर्षभराचे उतारे (बचत खात्यात फी येत असेल तर तेही), आणि प्रत्यक्ष खर्च दाखवायचा असल्यास त्याच्या पावत्या आणाव्यात. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोखीने दिलेला खर्च सर्वसाधारणपणे मान्य होत नाही, म्हणून अशा रकमा वेगळ्या खुणावून ठेवाव्यात. जुनी करप्रणाली निवडायची असल्यास व्यावसायिकांना फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो. तो विचार असेल तर पहिल्याच भेटीत आम्हाला सांगावे.