४०४ची यादी कशी वाचावी?

गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, लिंक धरून धरून संकेतस्थळ पालथं घालतो. वाटेत एखादा पत्ता चुकीचा निघाला की सर्व्हर त्याला ४०४ हा आकडा देतो. या पत्त्यावर पान नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांसाठीचं गूगलचं साधन) अशा पत्त्यांची लांबलचक यादी दिसली की संकेतस्थळ सांभाळणारे घाबरतात आणि ते सगळेच्या सगळे मुखपृष्ठाकडे वळवून मोकळे होतात. याहून वाईट उपाय नाही. लेख शोधत आलेला वाचक मुखपृष्ठावर येऊन अडकतो, आणि गूगलही असं वळण बहुधा ‘सॉफ्ट ४०४’ म्हणून, म्हणजे ४०४ न सांगताही पान नसल्यासारखंच, नोंदवतो. म्हणजे दोष जागच्या जागी राहतो, फक्त त्याचं नाव बदलतं.

खरंच काढून टाकलेल्या पानाने ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलं) हेच उत्तर द्यायला हवं. त्यामुळे बाकीच्या पानांचं शोधातलं स्थान घसरत नाही.

शोधायचं ते वेगळंच: हा पत्ता क्रॉलरला मिळाला कुठे? सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासला की कोणत्या पानावरून तो आला, ते पुष्कळदा कळतं. आपल्याच पानावर चुकीची लिंक असेल तर ती तिथेच दुरुस्त करावी. दुसऱ्या कुणी आपला जुना पत्ता दिला असेल, तर तो ३०१ने (कायमचं वळण सांगणारा आकडा) थेट नव्या पानाकडे वळवावा. वळणावर वळण नको. गूगलचा क्रॉलर साधारण दहा वळणांनंतर पाठलाग सोडतो.

यादीतल्या पत्त्यांत ‘बातम्या/बातम्या/पुणे’ अशी पुनरुक्ती दिसली, तर लिंकच्या सुरुवातीचा स्लॅश सुटलाय का, ते आधी पाहावं. तो नसेल तर ब्राउझर आणि क्रॉलर दोघेही लिंक चालू पत्त्याला जोडतात. ही चूक साच्यात (सगळ्या पानांच्या टेम्प्लेटमध्ये) असली की शेकडो ओळींची यादी एका स्लॅशने साफ होते!

देवनागरी पत्त्यांत मात्र एक फसवी जागा आहे, आणि मराठीत ती हमखास भेटते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ (खाली टिंब असलेला) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सर्व्हर मात्र अक्षरांमागचे बाइट जुळवतो, त्यामुळे एका कीबोर्डवर तयार झालेला पत्ता दुसऱ्यावर टाइप केला की ४०४ येऊ शकतो. कितीही निरखून पाहिलं तरी फरक सापडत नाही. दोन्ही पत्ते ब्राउझरमधून उचलून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवावेत. बहुतेक ब्राउझर अशा वेळी टक्केचिन्हांची सांकेतिक रूपं देतात. एका देवनागरी चिन्हाला त्यात नऊ खुणा लागतात, म्हणून ओळ लांब होते, पण तफावत लगेच दिसते. मग एक रूप कायम ठेवून दुसरं त्याकडे वळवावं आणि पुढचे पत्ते त्याच रूपात तयार व्हावेत, याची सोय करावी.

दुरुस्तीनंतर सर्च कन्सोलला पडताळणी करायला सांगता येतं. तिला काही दिवस लागतात, कधी दोन आठवडेही.