पेडल बंद, तरी आवाज का बसला?

गेल्या महिन्यात भाचा एक डबी घेऊन घरी आला. ॲल्युमिनियमची, तळहाताएवढी, वर दोन फुटस्विच, कडेला तीन जॅक. "मामा, ही एबीवाय. गिटारचा सिग्नल या ॲम्प्लिफायरला, त्या ॲम्पला, नाहीतर दोघांना एकदम. आणि पूर्ण ट्रू बायपास आहे हं! मध्ये सिग्नलला कशाचाही स्पर्श होत नाही." एवढं कौतुक करून त्यानं दोन तक्रारी सांगितल्या. दोन्ही ॲम्प लावले की गिटारचा आवाज बसतो, आणि वर घूंऽऽ अशी अखंड घरघर सुरू होते.

मी पोटासाठी इलेक्ट्रॉनिक्स करतो, त्यामुळे स्क्रू दिसला की काढल्याशिवाय राहवत नाही. आत नऊ-नऊ पायांचे दोन फुटस्विच, थोड्या वायरी, दोन एलईडी आणि त्यांचे रेझिस्टर. ट्रान्झिस्टर नाही, चिप नाही. जाहिरातीत खोटं काही नव्हतं. पण सिग्नलला कुणी हात लावला नाही म्हणजे तो जसाच्या तसा पोचला, ही समजूत मात्र चुकीची आहे, आणि गिटारवाल्यांत ती भलतीच पसरलेली आहे. स्विच बिचारा निर्दोष असतो. करामत केबलची असते.

गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक असतं आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत विद्युतदाब तयार होतो. फॅरडेनं १८३१मध्ये दाखवलेलं हे प्रवर्तन आपण दहावीत शिकलोय. दहावीत एक गोष्ट राहून जाते: इतके वेढे असलेली गुंडाळी प्रवाहातल्या बदलाला विरोध करते. या अंगच्या जडपणाला इंडक्टन्स म्हणतात. साध्या सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स दोन-तीन हेन्री असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या हिशेबात हा आकडा अवाढव्य आहे.

आता केबल. मध्ये एक तार, तिच्याभोवती प्लास्टिक, त्यावर जाळी. दोन धातू आणि मध्ये विद्युतरोधक, म्हणजे तो कपॅसिटरच झाला, फक्त लांबट. साधारण गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास भरते. किती क्षुल्लक! पण ती त्या अवाढव्य इंडक्टन्सला जोडली की दोघांचा मिळून एक झोका तयार होतो.

भाजीवाल्याचा टांगता स्प्रिंगकाटा आठवा. पिशवी अडकवली की ती खालीवर हिंदकळते. पिशवी जड असेल तर संथ हिंदकळते, आणि स्प्रिंग मऊ असेल तरीही संथच. इथे इंडक्टन्स म्हणजे पिशवीचं वजन आणि कपॅसिटन्स म्हणजे स्प्रिंगचा मऊपणा. केबल लांबवली की स्प्रिंग मऊ झाली. हिंदकळण्याची वारंवारिता या दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, एकाला २π नं भागायचं ते वेगळं. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी पुढच्या चार ओळी खुशाल गाळाव्यात. मला मात्र त्या लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

पिकअप अडीच हेन्रीचा, त्याची स्वतःची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड. गिटारपासून सहा मीटरची एकच केबल: एकूण ७०० पिकोफॅरड. अनुनाद, म्हणजे या झोक्याची वारंवारिता, सुमारे ३८०० हर्ट्झला. आता मध्ये पाच-सहा ट्रू बायपास पेडलं, म्हणजे पायानं दाबून आवाजाचा पोत बदलणाऱ्या डब्या, ठेवा, सगळी बंद. त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या पॅच केबलींचा एक मीटर आणि पुढे ॲम्पपर्यंत आणखी सहा. एकूण १४०० पिकोफॅरड. अनुनाद घसरून २७०० हर्ट्झवर. त्या वारंवारितेच्या वर पिकअपचा आवाज झपाट्यानं उतरत जातो. म्हणजे सगळी पेडलं बंद आहेत, एकाही घटकानं सिग्नलला स्पर्श केलेला नाही, आणि तरी वरचा एक अख्खा पट्टा हरवलाय.

भाचा म्हणाला, "पण माझी सगळ्यात पातळ तार मोकळी छेडली तर ३३० हर्ट्झ, बाराव्या फ्रेटवर ६५९. मग २७०० काय नि ३८०० काय!" बरोबर आहे, एकही सूर हरवत नाही. हरवते ती सुराभोवतीची झळाळी. मिरजेचा तंबोरा घ्या. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणलेली झणझण) नीट लागली असेल तर खर्जाच्या षड्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. जवारी बसली की षड्ज तोच, स्वरात चूक नाही, पण तंबोरा तोंडावर पांघरूण घेऊन बोलल्यासारखा वाटतो. लांब केबल गिटारची जवारी बसवते.

एबीवायमध्ये तर हे दुप्पट. दोन्ही ॲम्प चालू केले की दोन्ही केबली पिकअपवर समांतर लादल्या जातात, आणि समांतर कपॅसिटरांची बेरीज होते. शिवाय प्रत्येक ॲम्पचा इनपुट रोध साधारण एक मेगओहमचा असतो, दोन समांतर म्हणजे अर्धा. त्यामुळे अनुनादाचं शिखर खाली सरकतं आणि बुटकंही होतं. भाच्याची पहिली तक्रार इथेच मिटली.

यावरचा उपाय बफर. ट्रान्झिस्टर किंवा ऑपॲम्पचं हे छोटं सर्किट आवाज वाढवत नाही. जेवढा विद्युतदाब आत आला तेवढाच बाहेर देतं. फक्त पुढच्या केबलींचं ओझं पिकअपच्या खांद्यावरून स्वतःच्या खांद्यावर घेतं, आणि त्याचा खांदा भक्कम असतो. पिकअपला मग पहिल्या सहा मीटरांपलीकडे काही आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणून दोन ॲम्पना सिग्नल वाटायचा असेल तर वीज लागणारी, बफरवाली डबी घ्या. नुसता हा ॲम्प नाहीतर तो, असा बदल हवा असेल तर स्वस्तातली विजेविनाची डबी उत्तम चालते. तुमच्या पेडलांच्या रांगेत आधीच एखादा बफर असेल तर दुसऱ्याची गरजही नसते. बॉस कंपनीची बहुतेक पेडलं बंद असतानाही आतला बफर चालूच असतो. ओळखायची युक्ती: पेडल बंद ठेवून त्याचा ॲडाप्टर काढा, बॅटरी काढा, गिटार वाजवा. आवाज पूर्ण गेला तर सिग्नल आतल्या सर्किटमधूनच जात होता.

एक अपवाद. फझ फेससारखं जुन्या धाटणीचं फझ पेडल (आवाज मुद्दाम फाटका करणारं) बफरच्या आधी ठेवा. त्याचा इनपुट इतका कमी रोधाचा आहे की पिकअप त्याच्या सर्किटचाच भाग बनतो. मध्ये बफर घातला की ते कर्कश होतं.

आणि आवाज सुधारतो म्हणून जॅकला दिलेला सोन्याचा मुलामा? केबलवर बाण छापून "सिग्नलची दिशा" दाखवणारेही आहेत. सिग्नल दर सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होतो, त्यानं बाण कुठला पाळायचा! सोनं गंजत नाही, त्यामुळे कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत जॅक खरखरत नाही, एवढा फायदा खरा. आवाज सोनेरी होत नाही.

राहिली घरघर. दोन ॲम्प, दोघांच्या थ्री-पिन प्लगमधून दोघांचं अर्थिंग भिंतीत एकत्र आलेलं. वर एबीवायमध्ये दोन्ही केबलींच्या जाळ्याही एकत्र. झालं, खोलीभर पसरलेलं एक बंद वेटोळं! खोलीतल्या वायरिंगचं आणि ट्रान्सफॉर्मरांचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून जातं आणि जाळीत प्रवाह खेळवतं. तोच फॅरडे! आपण नकळत एका वेढ्याचा, पण खोलीएवढा पिकअप बांधून बसतो. खात्री करायला एका ॲम्पची केबल उपसली. घरघर गेली.

इथे काही जण अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला देतात. कृपा करून हे करू नका. गिटारच्या तारा जाळीवाटे ॲम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसताना आत काही बिघडलं तर वीज थेट बोटांत येते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२मध्ये वेल्समधल्या स्वानसीला रंगमंचावरच असा गेला. हातात गिटार होती आणि अर्थिंग नसलेल्या माईकला स्पर्श झाला. गणपतीच्या मांडवात वाजवणाऱ्यांनी तर आधी टेस्टर खिशात ठेवावा.

खरा उपाय म्हणजे एका आउटपुटवर एकास एक वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याचा धागा तुटतो, वेटोळं उघडतं. मात्र तो बफरच्या पुढेच हवा, थेट पिकअपला तो फार जड पडतो. आणि त्या बाजूचा जॅक डब्याच्या धातूला टेकता कामा नये, नाहीतर जाळ्या पुन्हा जुळल्या. सोबत फेज उलटवायचं बटण असेल तर घ्याच. दोन ॲम्पच्या स्पीकरांचे पडदे विरुद्ध दिशेला हलत असतील तर खर्जाचा आवाज एकमेकांत जिरतो.

भाच्यानं पहिली डबी परत करून बफर, ट्रान्सफॉर्मर आणि फेजचं बटण असलेली आणली. आता दोन्ही ॲम्प शांत आहेत. बारीकशी एक घूं उरलीय, पण ती त्याच्या सिंगल कॉइल पिकअपची स्वतःची. तो गिटार घेऊन ट्यूबलाइटकडे वळला की वाढते, दाराकडे वळला की जवळजवळ नाहीशी होते. म्हणून हल्ली तो दाराकडे तोंड करून वाजवतो.