लांबून दिसणारे शिंग नेमके केवढे?

हरणाच्या शिंगांची लांबी शंभर मीटरवरून, हात न लावता, कितपत अचूक सांगता येते, हा प्रश्न मुळात शिकाऱ्यांचा आहे. ज्या देशांत शिकारीचा परवाना मिळतो तेथे कोणता नर टिपायचा आणि कोणता सोडायचा हे बंदूक उचलण्यापूर्वीच ठरवावे लागते. गोळी सुटल्यावर अंदाज सुधारण्याची सोय नसते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला आणि ते योग्यच झाले. परंतु भीमाशंकरच्या अभयारण्यात सांबर पाहणाऱ्या अभ्यासकालाही हाच प्रश्न पडतो, कारण शिंगांच्या आकारावरून नराचा चारा आणि प्रकृती यांविषयी बरेच काही कळते.

येथे सारंग कुळातील, म्हणजे चितळ, सांबर, भेकर यांच्या शिंगांचाच विचार केला आहे. ही शिंगे भरीव हाडाची असतात, ती गळून पडतात आणि पुन्हा नव्याने वाढतात. पुण्याजवळ सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात दिसणाऱ्या चिंकाऱ्याची शिंगे वेगळी. ती आयुष्यभर टिकतात, त्यांना फाटे फुटत नाहीत आणि त्यांचा अंदाजही वेगळ्या रीतीने करावा लागतो.

डोळा लांबी मोजत नाही, तो तुलना करतो. दूरचे मोठे शिंग आणि जवळचे लहान शिंग डोळ्यात सारखाच कोन करतात, त्यामुळे अंतर ठाऊक नसेल तर प्राण्याच्या अंगावरच एखादी मोजपट्टी शोधावी लागते. उत्तर अमेरिकेतील शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे कान यासाठी वापरतात. नर सावध होऊन कान आडवे पसरतो तेव्हा दोन्ही कानांच्या टोकांमधील अंतर साधारण १६ ते १८ इंच भरते. शिंगांचा पसारा त्याच्या किती बाहेर जातो हे पाहून रुंदी काढली जाते. एका कानाची लांबी सुमारे ६ इंच आणि डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ८ इंच धरून फाट्यांची उंची ठरवतात, तर शिंगाच्या घेरासाठी डोळ्याचा ४ इंचांचा घेर हाताशी धरतात. हे आकडे त्या एका जातीचे, आणि तेही सरासरीचे आहेत. फ्लोरिडाच्या बेटांवरील याच जातीची हरणे इतकी ठेंगणी असतात की तेथे ही मापे लावली तर उत्तर फुगून येईल. आपल्या सांबराचे कान तर मुळातच मोठे आणि रुंद असतात, त्यामुळे परदेशातील आकडे त्याला लावू नयेत.

मोजपट्टी प्राण्याच्या अंगावरच असल्यामुळे एक अडचण कायम राहते, ती म्हणजे वयाची. तरुण नराचे अंग सडपातळ, मान बारीक. त्यामुळे मध्यम शिंगेही त्याच्या डोक्यावर भव्य दिसतात. पूर्ण वयाच्या नराची मान माजाच्या काळात जाड होते, छाती भरते, पोट उतरते, आणि तेवढ्याच लांबीची शिंगे त्याच्यावर साधारण वाटू लागतात. म्हणून आधी शिंगांकडे न पाहता अंगाकडे पाहावे आणि वयाचा अंदाज करावा, असे अनुभवी निरीक्षक सांगतात. फाट्यांची संख्या मोजून वय ठरवण्याची कल्पना आपल्याकडे तर अजिबात चालत नाही, कारण चितळ आणि सांबर या दोघांच्याही शिंगाला सहसा तीनच टोके असतात: कपाळाजवळचा एक फाटा आणि मुख्य दांड्याच्या शेवटी दुभंगलेली दोन टोके. राहतात ती लांबी आणि जाडी.

जाडीचा अंदाज मखमली कातडी हमखास बिघडवते. शिंग वाढत असताना त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेले केसाळ आवरण असते, टोके बोथट आणि गुबगुबीत दिसतात, आणि आवरण घासून निघाल्यावर तेच शिंग बारीक भासते. भेकराच्या बाबतीत घोटाळा निराळा. त्याचे शिंग जेमतेम १० ते १५ सेंटिमीटरचे, पण ते कपाळातून निघालेल्या लांब, केसाळ खुंटावर बसवलेले असते. संधिप्रकाशात खुंटही शिंगातच मोजला जातो.

आता कोनाचा प्रश्न. दांड्याची दिशा आपल्या दृष्टिरेषेशी काटकोनात असेल तेव्हाच त्याची पूर्ण लांबी दिसते. तो ३० अंशांनी वळला तर लांबी सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसते, आणि ६० अंशांनी वळला तर निम्मीच उरते. म्हणून समोरून पसारा पाहावा, बाजूने लांबी पाहावी आणि पाठमोऱ्या नराविषयी शक्यतो काहीच बोलू नये.

शिवाय शिंग सरळ नसते. समजा, कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात बाजूने उभ्या असलेल्या चितळाचे छायाचित्र घेतले. खुरापासून खांद्यापर्यंतची उंची चित्रात ६०० पिक्सेल भरली आणि शिंगाच्या बुडापासून टोकापर्यंतचे सरळ अंतर ४०० पिक्सेल. पूर्ण वाढलेल्या नराचा खांदा ९० सेंटिमीटर धरला, तर ते सरळ अंतर ६० सेंटिमीटर होते. परंतु दांडा मध्ये १५ सेंटिमीटरने बाहेर वाकलेला असेल, तर वाकावरून धरलेल्या फितीवर ७० सेंटिमीटरच्या जवळपास आकडा येतो. वाक विसरला तर दहा सेंटिमीटर गेले! आणि त्या नराचा खांदा प्रत्यक्षात ८१ सेंटिमीटर असेल, तर सगळे उत्तर एक नवमांशाने जास्त आले आहे.

अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबची, शिंगांना मापांवरून गुण देण्याची १९५० ची पद्धतही वाकावरूनच मोजते, आणि तेही शिंगे ६० दिवस वाळल्यानंतर, कारण ओलसर हाड आकसते. या पद्धतीत दोन्ही दांड्यांची लांबी, फाटे आणि घेर बेरजेत येतात, तर पसारा एकदाच धरला जातो. नवख्याची नजर मात्र पसाऱ्यावरच खिळते, आणि माझ्या मते अंदाज चुकण्याचे सर्वांत सामान्य कारण तेच असावे.

आता अभ्यासक कॅमेऱ्याला दोन समांतर लेझर जोडतात. दोन ठिपक्यांमधील अंतर आधीच ठाऊक असल्यामुळे प्राण्याच्या अंगावर पडलेले ठिपके हीच मोजपट्टी होते आणि खांद्याची उंची गृहीत धरावी लागत नाही. वळलेल्या डोक्याचा दोष मात्र लेझरनेही जात नाही. लेझर नसेल तर कात्रजला चार-पाच जणांनी एकाच नराची लांबी एकमेकांना न सांगता वहीत लिहून सरासरी काढून पाहावी. कोणी थोडे जास्त, कोणी थोडे कमी लिहिलेले असते आणि हे फरक सरासरीत बऱ्याच अंशी मिटतात. पण सर्वांनीच वाक सोडला असेल, किंवा सर्वांनीच खांदा दहा सेंटिमीटर जास्त धरला असेल, तर पन्नास जणांची सरासरीही तितकीच चुकीची येते.