मॅक फिल्टर आणि ॲडमिन खातं: ग्राहकांसाठी माहिती

मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक, आणि मॅक फिल्टर म्हणजे यादीतल्या पत्त्यांनाच वाय-फाय देणारी राउटरची सोय. ‘राउटरला मॅक फिल्टर लावून द्या’ असं सांगितलंत तर लावून देऊ. पण त्याच्या भरवशावर वाय-फायचा पासवर्ड सोपा ठेवू नका.

मॅक पत्ता कार्डात कारखान्यातूनच भरून येतो, पण प्रत्यक्ष हवेत कोणता जाईल ते सॉफ्टवेअर ठरवतं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा. ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये अनेक कार्डांना ‘नेटवर्क ॲड्रेस’ची जागा असते, तिथे दुसरा पत्ता भरता येतो. शिवाय डब्ल्यूपीए2 ही वाय-फायची सुरक्षा-पद्धत मजकूर कुलूपबंद करते, मॅक पत्ता मात्र उघडाच जातो. बाहेर लॅपटॉप घेऊन बसलेल्याला तुमची परवानगी-यादी आयती मिळते.

त्रास होतो तो तुमच्याच माणसांना. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन सहसा प्रत्येक वाय-फायला वेगळा, बनवलेला मॅक देतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई दिसलं तर तो तसलाच. मग ‘काल चालत होतं, आज नाही’ म्हणून फोन येतो.

त्यापेक्षा डब्ल्यूपीए3, म्हणजे त्याच सुरक्षेची नवी आवृत्ती, लावा. जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए2-एईएस (एईएस म्हणजे मजकूर कुलूपबंद करायची पद्धत). पासवर्ड किमान 16 अक्षरांचा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद, पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क. माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदला.

मॅक बदलायला ॲडमिनचे, म्हणजे संगणकाची व्यवस्था बदलू शकणाऱ्या खात्याचे, अधिकार लागतात, आणि ते अनेक दुकानांत बिलिंगच्या सॉफ्टवेअरला कायमचे दिलेले असतात. त्यात एक भोक सापडलं की सगळा संगणक गेला. बहुतेक वेळा त्याला हवी असते फक्त डेटा फोल्डरमध्ये लिहायची मुभा. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’, मग ‘एडिट’, आणि ‘युझर्स’ना ‘मॉडिफाय’. प्रोग्रॅमच्या मुख्य फोल्डरला ही मुभा नको, नाहीतर कोणीही मूळ फाइल बदलून ठेवेल. रोजचं काम साध्या खात्यातूनच करा.

ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला एखादं उपकरण चालवू देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, पोच ॲडमिनच्याही पलीकडे. 2020 मध्ये रॉबिनहूड या रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) गिगाबाइट या मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा डिजिटल सही असलेला पण सदोष ड्रायव्हर सोबत आणला आणि त्याच्या जोरावर अँटिव्हायरस बंद पाडले. संगणकात गिगाबाइटचा बोर्ड असण्याची गरजही नव्हती. म्हणून विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे जाऊन ‘व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट’ (सदोष ड्रायव्हर अडवणारी यादी) चालू आहे का बघा. त्यामुळे जुना स्कॅनर किंवा डोंगल अडला, तर ती यादी बंद करू नका. उत्पादकाकडून नवा ड्रायव्हर मागवा.