टोचन आणि वाफसा

परवा पुतण्याने मोबाइलवर टोचनाची, म्हणजे ट्रॅक्टरांच्या ओढाओढीची, रील दाखवली. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे, मध्ये साखळी. एकाची पुढची चाकं हातभर वर आली, धुराचा लोट उठला आणि खाली प्रतिक्रिया: 'पंचावन्न एचपीचा नाद करायचा नाय!' म्हटलं, बाळा, एचपी राहू दे, चाकाखाली बघ. हरलेला नांगरलेल्या रानात उभा होता आणि जिंकलेला गाडीवाटेवर.

इंजिन फक्त चाक फिरवतं. ट्रॅक्टरला पुढे ढकलते ती माती. टायरचे रबरी दात जमिनीत रुततात आणि दोन दातांमधला मातीचा ठोकळा मागे रेटतात. तो ठोकळा तुटेपर्यंत जेवढा जोर सोसेल तेवढीच ओढ मिळते, पुढे चाक जागेवर गरगरतं. पाणी दिलेल्या फडातून उसाची डबल ट्रॉली काढणाऱ्या ड्रायव्हरला हे वेगळं सांगावं लागत नाही.

अमेरिकेत ट्रॅक्टरच्या ओढीच्या स्पर्धा 1929 पासून आहेत. मागे वजनाची गाडी असते. ट्रॅक्टर पुढे जाईल तसं तिच्यावरचं वजन चाकांवरून सरकत पुढच्या फरफटणाऱ्या पत्र्यावर येतं, म्हणजे ओझं पावलागणिक वाढतं. यात कोण किती ओढतो हे बरंचसं पट्टीच्या मातीवर ठरतं, म्हणून चिकणमाती आणून, फणून, पाणी मारून, रोलर फिरवून पट्टी घडवावी लागते.

पाणी किती? आपल्याकडे याला शब्द आहे: वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. स्वीडनच्या आल्बर्ट आटरबर्गने 1911 च्या सुमारास हेच मोजमापात बसवलं. मातीची वळी करायची. साधारण 3 मिलिमीटर जाडीला ती तुटू लागली की माती वळण्याजोगी मऊ आणि ठिसूळ यांच्या सीमेवर आहे.

1933 मध्ये लॉस एंजेलिसच्या राल्फ प्रॉक्टरने धरणाच्या भरावासाठी पुढचा प्रश्न सोडवला: कोणत्या ओलाव्याला माती सर्वांत घट्ट बसते? कोरड्या मातीचे कण एकमेकांना अडून बसतात, मध्ये हवा राहते. थोडं पाणी घातलं की कण घसरून जवळ येतात. आणखी घातलं की पाणीच जागा अडवतं आणि पाणी काही दाबलं जात नाही. आता गंमत बघा. काळ्या मातीतल्या माँटमोरिलोनाइट खनिजाचे थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे, त्यांच्यामध्ये पाणी शिरून बसतं. अशी माती पूर्ण ओली असताना चाक आलं तर पाण्याला निसटायला वेळच मिळत नाही. चाकाचा भार कणांवर न पडता छिद्रांतल्या पाण्यावर पडतो आणि कणांमधलं घर्षण वाढतच नाही. मुरमात उलटं. पाणी लगेच निघून जातं, म्हणून वजन वाढवलं की पकडही वाढते. म्हणूनच खटाव-माणच्या मुरमाड रानात बोनेटपुढे लोखंडी वजनं लावून जे साधतं, ते कृष्णाकाठच्या ओल्या काळीत साधत नाही. क्षार साठून बिघडलेली चोपण जमीन तर ओली असताना साबण आणि वाळली की दगड.

आता हिशेब. 100 मीटर लांब, 10 मीटर रुंद पट्टी 15 सेंटिमीटर खोल भिजवायची, म्हणजे 150 घनमीटर माती, सुमारे 210 टन. ओलावा 12 टक्क्यांवरून 20 वर न्यायला 17 हजार लिटर पाणी लागेल. पाच हजारी टँकरच्या साडेतीन खेपा. काळी माती पाणी हळू पिते, म्हणून ते आदल्या संध्याकाळपासून थोडं थोडं द्यायचं, वाफसा आला की रोलर. पट्टीला नारळ फोडा, हरकत नाही. पण त्यात पेलाभरच पाणी असतं. चाकाखाली पुरलेल्या लिंबात तर तेवढंही नाही.

प्रत्येक ओढीनंतर चाकांनी पाडलेल्या चाऱ्यांत कोरडी माती लोटून भागत नाही, ती जुन्या थराला धरत नाही. आधी खरवडायचं, मग शिंपायचं, मग दाबायचं. गंमत म्हणजे याच ओलाव्यात उसाच्या रानात जड ट्रॅक्टर घातला तर रान दबतं आणि मुळं खाली उतरत नाहीत. तिथे जो दोष, तो इथे गुण.

आमच्याकडे बैलगाड्यांच्या मैदानावरही टँकर येतो, पण धुरळा बसवायला, आणि तोही गाड्या सुटायच्या पाच मिनिटं आधी. वर बोटभर चिखल, खाली उन्हात भाजलेलं ढेकूळ. मग बैल घसरला की म्हणतात, नजर लागली.